वाघाच्या मावशीची वेणीफणी

पर्शियन मांजरीचं पिल्लू बुक करायचं होतं. त्याआधी एक वीकएण्ड साताऱ्यात आणि सांगलीत काढला. घरी परतले ती पिल्लाशिवाय. का, ते वाचा!

शुक्रवारची संध्याकाळ. एका हातात कॉफीचा मग, दुसऱ्या हातात मोबाइल आणि स्क्रीनवर एक चेहरा. गोल, पांढराशुभ्र आणि मधोमध कुणी बुक्की मारल्यासारखा चपटा. खाली विक्रेत्याचा मेसेज : ‘मॅडम, एक्स्ट्रीम पंच आहे. ट्रिपल कोट. पंचवीस हजार, लास्ट. डॉल फेस चालणार असेल तर अर्ध्यात देतो.’

हे पंच काय आणि डॉल काय, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. सांगते. आपल्याकडच्या बाजारात पर्शियन मांजर नाकावरून विकली जाते. नाक चारचौघींसारखं पुढे आलेलं असेल तर ती ‘डॉल फेस’. जरा दबलेलं असेल तर ‘सेमी पंच’. डोळ्यांच्या रेषेत जाऊन बसलेलं असेल तर ‘पंच’, आणि नाक आहे की नाही असा संशय आला की ‘एक्स्ट्रीम पंच’. नाक जितकं आत, किंमत तितकी वर. असा हा साधा फंडा! गंमत म्हणजे या जातीचा मूळ चेहरा डॉल फेसचाच. परदेशातही त्याला ‘ट्रॅडिशनल पर्शियन’ म्हणतात. पण परंपरेला डिस्काउंट असतो, हे मला त्या मेसेजमुळे कळलं.

माझं जवळजवळ ठरलं होतं. वय अठ्ठावीस, फ्रीलान्स काम, पुण्यात भाड्याचा वन बीएचके, घरमालकांची परवानगी मिळालेली. निम्म्या मैत्रिणींच्या इन्स्टाग्रामवर अशी एकेक कापसाची गादी पसरलेली. मग मीच का मागे राहू? मी आईला सांगितलं. आईने मावशीला सांगितलं. आमच्या घरात ब्रेकिंग न्यूज पसरायला इतकंच लागतं. दहा मिनिटांत सांगलीहून मावशीचा फोन.

“पैसे देऊ नकोस अजून. इकडे ये. आमच्या बाईसाहेबांना बघ आणि मग काय ते ठरव.” थोडं थांबून ती म्हणाली, “आणि मला जरा बोलायचंय तुझ्याशी.”

मावशी पस्तीस वर्षं शाळेत शिकवत होती. तिला बोलायचं असतं तेव्हा ती बोलते. ‘बोलायचंय’ अशी आगाऊ सूचना देत नाही. मी शनिवारी पहाटे स्वारगेटला एसटीत बसले.

साताऱ्याचा सुलतान

वाटेत साताऱ्याला एक थांबा घेतला, कारण माझी शाळेतली मैत्रीण तिथे एका बँकेत आहे आणि तिच्याकडे चक्क पंच फेस आहे. म्हणजे प्रत्यक्ष डेमो! पोवई नाक्यावर ती स्कूटीवर न्यायला आली. मोतीचौकात कंदी पेढे घेतले (साताऱ्यात उतरून पेढे न घेणं हा गुन्हा आहे) आणि आम्ही तिच्या घरी पोचलो. गॅलरीतून अजिंक्यतारा दिसतो. गॅलरीच्या दाराशी सुलतान बसला होता. तीन वर्षांचा, पांढरा, फोटोतल्या पिल्लाचा थोरला भाऊ शोभेल असा.

लांबून बघितलं तर दहापैकी दहा मार्क. जवळ गेले आणि आवाज ऐकू आला. सुलतान जागा होता, पण घोरत होता.

“तो असाच श्वास घेतो,” मैत्रीण म्हणाली आणि कामाला लागली. कोमट पाण्यात कापूस बुडवायचा. डोळ्यांखाली पाण्याचे तपकिरी ओघळ वाळलेले असतात, ते पुसायचे. हे सकाळ-संध्याकाळ. खाणं खोल वाडग्यात चालत नाही, पसरट ताटलीत द्यावं लागतं, कारण तोंड वाडग्यात शिरतं पण दाणा उचलता येत नाही. त्यानंतर केसांचा कार्यक्रम वेगळा.

यात तिचा हलगर्जीपणा काहीच नाही. ही चपट्या चेहऱ्याची रचनाच आहे. कवटी आखूड झाली तरी आतला पसारा तितकाच राहतो. नाकपुड्या अरुंद होतात. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी बारीक नळी वाकते, म्हणून पाणी गालावर येतं. जबडा आखूड पडला की दातांची ओळ बिघडते. मांजरांना अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजांच्या गाद्यांना. फारच उकडलं तर ती तोंड उघडून धापा टाकतात. ज्याचा श्वासच अपुरा आहे त्याला हा मार्गही नीट चालत नाही. मेमधल्या एका दुपारी वीज गेली आणि सुलतान तोंड उघडून धापा टाकायला लागला. तोंड उघडून श्वास घेणारी मांजर म्हणजे तातडीची केस. मैत्रिणीने त्याला ओल्या नॅपकीनवर ठेवून, मांडीवर टोपली घेऊन, रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. त्या दहा मिनिटांविषयी ती आजही फार बोलत नाही.

“मी फोटोत चेहरा बघितला गं,” ती एवढंच म्हणाली. “नाक बघितलंच नाही.”

सुलतान तिच्या पायाशी येऊन लोळला. तिने त्याला उचललं, त्याच्या कपाळावर ओठ टेकवले. तो तिचा जीव आहे. पण पुन्हा घेशील का, असं विचारल्यावर तिने मान हलवली. नाही.

एक कुत्रा आणि एक मांजर

संध्याकाळी आम्ही संगम माहुलीला गेलो. शहरापासून पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा भेटतात. काठावर काळ्या दगडाची देखणी देवळं, घाट, आणि नदीच्या पात्राजवळ समाध्या. छत्रपती शाहूंची आठवण इथे आहे आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही! खंड्या नावाचा हा कुत्रा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा. साताऱ्यात रेसिडेंट म्हणून राहिलेला आणि पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ सांगतो, की शाहूंनी या कुत्र्याला जरीचा पोशाख आणि दागिने घालून दरबारात आणलं होतं, त्याच्या नावाने सनद आणि पालखीही दिली होती. पेट पॅरेंटिंगचा शोध इन्स्टाग्रामने लावलेला नाही, बॉस!

“मांजरीला नाही कुणी पालखी दिली,” मैत्रीण म्हणाली.

पालखी नसेल, पण लांब केसांच्या मांजरीचा साताऱ्याशी धागा आहे. फेब्रुवारी १८१८मध्ये साताऱ्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने इथूनच पेशवाई संपल्याचा जाहीरनामा काढला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचं नाव ज्याच्यावरून पडलं तोच हा. त्याच्या दहा वर्षं आधी तो कंपनीचा वकील म्हणून पेशावरला अफगाणिस्तानच्या शाहकडे गेला होता. त्या प्रवासावरचं त्याचं जाडजूड पुस्तक १८१५मध्ये निघालं. घोडे, उंट, मेंढ्या यांच्याविषयी लिहिता लिहिता तो मांजरांवर येतो. लांब केसांच्या मांजरांना तिथे ‘बुराक’ म्हणतात आणि ती मोठ्या संख्येने बाहेर पाठवली जातात, असं सांगतो. पुढे तो नोंदवतो, की सगळीकडे या मांजरांना पर्शियन म्हणतात, पण ज्या देशाचं नाव त्यांना मिळालंय तिथे ती फारशी नाहीतच!

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही मालावरचं लेबल आणि आतला माल वेगळाच.

इराणची? नावापुरती!

रविवारी सकाळी सांगलीची एसटी पकडली. सातारा ते सांगली म्हणजे साधारण सव्वाशे किलोमीटर, आणि हा कृष्णेच्या सोबतीचा प्रवास. माहुलीला भेटलेली नदी कराडला कोयनेला घेते आणि पुढे सांगलीला आपली वाट बघत थांबते. रस्ता मात्र तिच्यापासून कधी जवळ, कधी लांब. पेठ नाक्याला हायवे सोडला की दोन्ही बाजूंना ऊस. खिडकीतून तेवढंच दिसत असल्यामुळे मी मोबाइलवर मांजरांचं खानदान धुंडाळत बसले.

पिएत्रो देला वाल्ले नावाचा रोमचा एक प्रवासी १६२०च्या सुमारास इराणात होता. खोरासानच्या राखाडी, रेशमी केसांच्या मांजरी बघून तो इतका वेडावला, की त्यांच्या जोड्या रोमला न्यायचा बेत त्याने पत्रात लिहिला. या मांजरी पोर्तुगिजांनी हिंदुस्थानात नेल्यात, असंही त्याने त्यात नोंदवलंय. हा गडी स्वतः १६२३मध्ये आपल्याकडे आला, चौल आणि गोवा बघून गेला. थोडक्यात काय, तर लांब केसांची मांजर हे मॉलमधलं नवं फॅड नाही. पुण्यात मॉल यायच्या चारशे वर्षं आधी ती आपल्या किनाऱ्यावर उतरली होती.

पुढची गोष्ट इंग्लंडातली. १३ जुलै १८७१ या दिवशी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. स्पर्धा आली, बक्षिसं आली आणि मग वंशावळी लिहायची पद्धत आली. पर्शियनचे केस आणखी दाट, अंग आणखी गोल होत गेलं. नाक मात्र शाबूत होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत लाल रंगाच्या काही पर्शियन मांजरींत पेकिनीज कुत्र्यासारखा चपटा चेहरा दिसू लागला. तो परीक्षकांना आवडला आणि मग नाक आत जातच राहिलं.

आणि आता क्लायमॅक्स. २००८मध्ये जगभरच्या मांजरींच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजची पर्शियन मध्यपूर्वेतल्या मांजरींपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरींच्या जवळची निघाली. दीडशे वर्षांत मूळ रक्त इतकं पातळ झालं, की इराणचं फक्त नाव उरलं. केसांचं रहस्यही फार मोठं नाही. केस किती वाढल्यावर थांबायचे हे सांगणारं एक जनुक असतं. ते बिघडलं की केस वाढत राहतात. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच पिल्लू लांब केसांचं होतं. म्हणून तर गल्लीतल्या गावठी मांजरीलाही कधीतरी एखादं झुबकेदार पिल्लू होतं आणि सगळी आळी बघायला जमते!

मग या जातीत खास असं उरलं काय? केस. आणि केसांची गोष्ट खरी कळली ती सांगलीत.

बाईसाहेब

मावशीचं घर गावभागात. खाली दोन खोल्या, वर दोन, मधे लाकडी जिना. जिन्याच्या भिंतीवर एक पुसट पिवळी रेघ आहे. रंग दिला तरी मावशीने ती रेघ ठेवलीय. ऑगस्ट २०१९च्या पुराची.

बाईसाहेब जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. सायीच्या रंगाच्या, गोल डोळ्यांच्या आणि हो, नाक असलेल्या. डॉल फेस. श्वासाचा आवाज नाही. डोळे कोरडे. २०१७मध्ये माझ्या मावसभावाने त्यांना हौसेने आणलं. मग त्याला परदेशी जायचं आलं. “सहाच महिने सांभाळ,” असं सांगून तो गेला. तुमच्या ओळखीत असे सहा महिने किती जणांचे चालू आहेत, मोजा एकदा!

“केस बघून मी घाबरले होते,” मावशी म्हणाली. “म्हटलं, मुलगी नव्हती म्हणून वेण्या घालायच्या सुटल्या होत्या, ते आता फेडायचंय.” मग तिने रोजची वेळ ठरवून टाकली. संध्याकाळचा दिवा लावून झाला की पंधरा मिनिटं फणी. दिवाळी असो, सुतक असो.

२०१९च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात बोटी आल्या. जवान खिडकीखालून ओरडत होते, “आजी, सामान नको, माणसं फक्त.” मावशी बिगशॉपर घेऊन उतरली. “हे सामान नाही. ही घरातली आहे.” त्याच क्षणी बिगशॉपर ओरडला. त्या मुलाने काही न बोलता आधी पिशवी घेतली, मग मावशीचा हात धरला. विश्रामबागेत नातेवाइकांकडे आठ दिवस काढले. पिशवीत, चिखलपाण्यात अंगाचे झालेले गोळे सोडवायला मावशीला तीन आठवडे लागले. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं, तेव्हा मात्र दोघी वेळेवर बाहेर पडल्या.

मी बाईसाहेबांना मांडीवर घेतलं आणि पोटाखाली हात घातला. त्या गुरगुरल्या. बोटांना लागलं ते रेशीम नव्हतं, घट्ट वाळलेलं नमद्यासारखं काहीतरी होतं. काखेत, कानामागे, पोटावर.

मावशीने हात पुढे केले. बोटांची पेरं सुजलेली. संधिवात.

“फणी धरताच येत नाही गं. जूनपासून. अर्ध्या मिनिटात सुटते हातातून.” मग खालच्या आवाजात, “कुणाला सांगितलं नाही. आपल्या हातून असं व्हावं...”

हेच तिला बोलायचं होतं.

पंधरा मिनिटांची परीक्षा

दुपारी मी फणी हातात घेतली. रुंद दातांची, स्टीलची. मावशी समोर खुर्चीत बसली, जणू तोंडी परीक्षाच. “शेंड्यापासून सुरुवात. मुळाशी ओढू नकोस. गाठीच्या वर दोन बोटांत केस धर, म्हणजे कातडी ताणणार नाही. आणि कात्रीला हातसुद्धा लावू नकोस!”

ते का, हे तिने सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. मांजरीची कातडी कागदासारखी पातळ. गाठीबरोबर ती वर उचलली जाते आणि कात्री कुठे केस कापतेय, कुठे कातडी, ते दिसत नाही. अंघोळही आधी नाही, कारण पाण्याने गाठ आणखी आवळते. आधी विंचरायचं, मगच पाणी. पर्शियनच्या वरच्या लांब केसांखाली मऊ, बारीक लोकर असते. ती गळते, पण वरच्या केसांत अडकून बसते आणि तिचाच गोळा होतो. मांजर जिभेने स्वतःला विंचरते खरी, पण इतके केस तिच्या जिभेच्या आवाक्याबाहेरचे. जे गिळले जातात त्यांचे पोटात गोळे होतात. म्हणजे ही मांजर स्वतःची वेणीफणी स्वतः करूच शकत नाही. आपण तिला तशी घडवलीय. आता हात आपल्यालाच द्यावा लागणार.

लहानपणी मे महिन्यात मी याच घरी असायचे. मावशी खोबरेल चोपडून दोन वेण्या अशा घट्ट घालायची, की डोळे तिरपे व्हायचे. ओरडले तर पाठीत धपाटा. मला ते आठवत होतं आणि मांडीवरच्या बाईसाहेब माझा हात चावायचा विचार करत होत्या.

चाळीस मिनिटांत कानामागची एक गाठ सुटली. पोटाला तर हात लावू देईनात.

“शंभरापैकी पस्तीस,” मावशी म्हणाली. “काठावर पास.”

संध्याकाळी आयर्विन पुलावर चालायला गेलो. १९२९चा हा पूल, खाली शांत कृष्णा. या नदीने एवढं केलं यावर विश्वास बसू नये अशी. येताना भडंग घेतलं. मावशीने पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “घेऊन जातेस का तिला? तू तरुण आहेस. घरूनच काम असतं तुझं. विकत घेण्यापेक्षा हीच घे.”

खरं सांगू? पुण्याहून निघाले तेव्हा मी ‘हो’ म्हणाले असते. रात्री माडीवर पडल्या पडल्या मी हिशेब मांडला. जिमची मेंबरशिप वर्षाची घेतली होती, गेले अकरा दिवस. गिटार कपाटावर. गॅलरीतली तुळस दोनदा वाळली. डेडलाइन असली की मी स्वतःचे केससुद्धा दोन-दोन दिवस विंचरत नाही. पंचवीस हजार मी हप्त्यांनी दिले असते. पण रोजची पंधरा मिनिटं, पुढची सात-आठ वर्षं? त्यांचा ईएमआय भरायची माझी ऐपत नव्हती. आणि आठ-नऊ वर्षांच्या मांजरीला तिच्या जिन्यापासून आणि तिच्या माणसापासून तोडायचं, ते कशासाठी?

सकाळी मावशीला तसं सांगितलं. ती रागावली नाही. नुसती “हं” म्हणाली. ते जास्त लागलं.

वस्तरा नको

सोमवारी बाईसाहेबांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट बघितलं. नमद्याखालची कातडी लाल झाली होती, एका ठिकाणी ओली जखम. “हे विंचरून निघणार नाही. विंचरणं म्हणजे तिला छळणं आहे. मशिनने सगळे केस काढू. चेहरा, पंजे, शेपूट ठेवू. वय झालंय, म्हणून आधी रक्त तपासू, मग हलकं गुंगीचं औषध देऊ. चार-सहा महिन्यांनी केस वाढले की पुन्हा. रोजची फणी लागणार नाही.”

मला हायसं वाटलं. इतकं सोपं! मावशी मात्र उठून उभी राहिली. “नको.”

रिक्षात ती गप्प होती. घरी आल्यावर बोलली. “माझ्या आजीला मी लाल आलवणात बघितलंय. पंचविशीत नवरा गेला. दर पंधरा दिवसांनी मागच्या दाराने न्हावी यायचा. आम्हा मुलांना बाहेर पाठवायचे. एकदा मी फटीतून बघितलं. ती रडत नव्हती, नुसती मान खाली घालून बसली होती. तेव्हा ठरवलं, आपल्या घरात कुणाच्या केसांना वस्तरा लागू द्यायचा नाही.”

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. मास कॉमच्या डिग्रीत हे शिकवत नाहीत.

दुपारी दोघीही माजघरात बसलो होतो. बाईसाहेब खिडकीखाली येऊन अंग चाटायला लागल्या. मान वळवून पोटाकडे गेल्या, जीभ गोळ्याला लागली, आणि त्या कळवळून थांबल्या. पुन्हा प्रयत्न. पुन्हा थांबल्या. मग पोट सोडून नुसता पंजा चाटत राहिल्या.

मावशी बराच वेळ बघत होती.

“आजीला कुणी विचारलं नव्हतं,” ती म्हणाली. “हिलाही विचारता येत नाही. पण आजीचे केस दुखत नव्हते गं. हिचे दुखतायत.”

आणि तिने स्वतः डॉक्टरांना फोन लावला.

बॉबकट

मंगळवारी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. पाऊण तास मशिन चाललं. टेबलाखाली सायीच्या रंगाचा एवढा ढीग पडला, की आणखी एक मांजर झाली असती. ढिगातून बाहेर निघाली ती एक बारकीशी, लांब मानेची, गावठी अंगकाठीची मांजर. तोंडाभोवती आयाळ, पायात बूट, शेपटीला गोंडा. मला हसावं की काय कळेना.

मावशीने तिला दोन्ही हातांत घेतलं. फणी न धरवणाऱ्या त्या हातांत ती मावली. बाईसाहेबांनी गुरगुर केली नाही. पोटाला हात लागला तरी नाही.

“बॉबकट झाला की गं, बाई!” मावशी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

त्या रात्री बाईसाहेब खिडकीच्या उंच कट्ट्यावर उडी मारून बसल्या. तिथे त्या कित्येक महिन्यांत गेल्या नव्हत्या, असं मावशीने दोनदा सांगितलं. पावसाळी गारवा होता, म्हणून कट्ट्यावर जुनी शाल अंथरली. केस गेले होते. जातीची ओळख, बाजारातली किंमत, चारशे वर्षांचा सगळा इतिहास त्या टेबलाखालच्या ढिगात राहिला होता. उरली ती बाईसाहेब. मावशीला तीच हवी होती.

पुण्याला परतताना विक्रेत्याचा मेसेज आला. ‘मॅडम, पंच फेस होल्ड करू?’ मी नको म्हटलं. ‘मग डॉल फेस? आणखी कमी करतो.’ तेही नको म्हटलं. भाव परवडत होता, वेळ परवडत नव्हता.

पुढचा बॉबकट चार महिन्यांनी. टोपली उचलायला आणि डॉक्टरांकडे थांबायला मी येणार, असं कबूल केलंय. वर्षातून तीनदा. रोजचं मला जमणार नाही, पण एवढं जमेल. कॅलेंडरवर लाल पेनाने खूण केलीय. मावशीने फोनवर विचारलं, “खूण केलीस का?” मी हो म्हटलं.

“बघू,” ती म्हणाली. “मार्क नंतर देईन.”

चौकट : घेण्याआधी एवढं बघा

• नाक बघा. डोळ्यांच्या खाली, स्पष्ट पुढे आलेलं आणि नाकपुड्या उघड्या असलेलं पिल्लू निवडा. पिल्लू जागं असताना श्वासाचा आवाज येत असेल तर थांबा.

• आई-बाप बघायला मागा. पर्शियन मांजरींत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यामागचा जनुकातला दोष २००४मध्ये सापडला. डीएनए तपासणीने तो कळतो.

• आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. २०१८च्या केंद्रीय नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती दाखवायला सांगा.

• रोज पंधरा मिनिटं रुंद दातांची फणी. गाठीला कात्री नाही. गाठ हाताबाहेर गेली तर थेट डॉक्टर.

• उन्हाळा आला म्हणून निरोगी मांजरीचे केस उगाच काढू नका. पंखा, सावली आणि भरपूर पाणी द्या. केस काढलेच, तर वाढेपर्यंत ऊन आणि थंडी दोन्हींपासून जपा.

• आणि वीकएण्डला सातारा-सांगली करणार असाल तर संगम माहुलीला संध्याकाळी जा, आयर्विन पुलावर सूर्यास्ताला. पेढे साताऱ्याचे, भडंग सांगलीचं. अदलाबदल नको!